नव्या घरातील मांजर : भीती आणि पोट

पहाडगंजची पहाट फार लवकर होते. नवी दिल्ली रेल्वे स्थानकाकडे धावणाऱ्या रिक्षांचे भोंगे, हॉटेलांची उघडणारी शटरे आणि लग्नसराईत रात्री उशिरापर्यंत वाजणारे बँड, हा सारा कोलाहल तेथील नूतन मराठी शाळेच्या परिसरात वावरणाऱ्या मराठी कुटुंबांच्या अंगवळणी पडलेला असतो. अशा एखाद्या घरात नुकत्याच दत्तक आणलेल्या मांजराला मात्र तो सर्वस्वी अपरिचित असतो. ते पलंगाखाली दडून बसते, अन्नाला तोंड लावत नाही आणि दुसऱ्या दिवशी त्याला जुलाब होऊ लागतात. घरची मंडळी काळजीने दूधभात, दही, मासळी असे एकेक पदार्थ पुढे करतात आणि त्रास उलट वाढतो.

भीती आणि पोट यांचा संबंध मांजरांच्याच निरीक्षणातून प्रकाशात आला. हार्वर्ड विद्यापीठातील वॉल्टर कॅनन क्ष-किरणांच्या साहाय्याने मांजरांची पचनक्रिया पाहत असत. मांजर अस्वस्थ झाले की जठराची हालचाल थांबते आणि ते शांत झाले की ती पुन्हा सुरू होते, असे त्यांना आढळले. ही निरीक्षणे १८९८ मध्ये प्रसिद्ध झाली. ताणामुळे जठर मंदावते, पण मोठ्या आतड्याची गती वाढते. म्हणूनच भूक मंदावणे आणि जुलाब होणे ही दोन्ही लक्षणे एकत्र दिसू शकतात.

यावरचा पहिला उपाय म्हणजे निवांत जागा. सुरुवातीचे काही दिवस मांजराला एकाच शांत खोलीत ठेवावे. अन्न, पाणी आणि मातीचा ट्रे एकमेकांपासून दूर असावेत. पुठ्ठ्याचे एक साधे खोके आडवे करून ठेवावे. नेदरलँड्समधील एका प्राणी-निवाऱ्यात झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लपण्यासाठी खोके मिळालेली मांजरे इतरांपेक्षा लवकर स्थिरावल्याचे दिसून आले. मांजराला ओढून बाहेर काढू नये. ते आपण होऊन येईपर्यंत वाट पाहावी. मुलांनाही हे समजावून सांगावे.

दुसरा उपाय आहाराचा. मांजर पूर्वी जे खात होते, तेच पहिले काही दिवस द्यावे. बदल करायचाच असेल तर जुन्या अन्नात नवे थोडे थोडे मिसळत सात ते दहा दिवसांत करावा. मांजर आणि दूध यांची जोडी म्हणींमधून आपल्या मनात पक्की बसली आहे. तथापि, बहुतेक प्रौढ मांजरांना दुधातील साखर नीट पचत नाही व त्यामुळे जुलाब होतात. स्वच्छ पाणी हेच त्यांचे योग्य पेय होय. कांदा आणि लसूण मांजरासाठी विषारी असल्याने फोडणीचे अन्न कटाक्षाने टाळावे.

तथापि, प्रत्येक बिघाडाला भीतीच कारणीभूत असते असे नाही. जंत आणि विषाणूजन्य आजार यांचीही शक्यता असते. म्हणून मांजर आणल्यावर लवकरच पशुवैद्याकडून तपासणी करून घ्यावी आणि जंतनाशक व लसींचे वेळापत्रक ठरवून घ्यावे. प्रौढ मांजराने चोवीस तास काहीच खाल्ले नाही, तर थांबू नये. उपासामुळे त्याच्या यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकते. लहान पिलाला जुलाब झाल्यास त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. वारंवार उलट्या, शौचात रक्त, अतिशय मलूलपणा किंवा लघवीसाठी जोर करूनही ती न होणे, ही तातडीची लक्षणे आहेत. घरातील माणसांची औषधे कधीही देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

बहुतेक मांजरे काही दिवसांत किंवा आठवड्यांत रुळतात. एके दिवशी, बाहेर बँड वाजत असतानाही, ते खोक्याबाहेर येते, वाटीतले अन्न संपवते आणि घरच्यांच्या शेजारी अंग चाटत बसते. विश्वास एका दिवसात जमा होत नाही. तो थोडा थोडा साठवावा लागतो, हे बँकेच्या ग्राहकांना वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.