पाळीव सशांचे सहजीवन आणि निर्बीजीकरण

खर्डी परिसरातील तानसा अभयारण्यात आढळणारा रानससा स्वभावतः एकलकोंडा असून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार तो पाळता येत नाही. घरी पाळला जाणारा ससा युरोपीय वंशाचा, बिळांत समूहाने राहणारा आहे. म्हणूनच त्यास सोबत लागते. तथापि वयात आलेले ससे हद्दीसाठी परस्परांना गंभीर जखमा करतात. मादीचा गर्भकाळ सुमारे ३१ दिवसांचा असून प्रसूतीनंतर लगेच पुन्हा गर्भधारणा संभवते. निर्बीजीकरणाने आक्रमकता घटते. गर्भाशय काढल्याने मादीस त्याच्या कर्करोगाचा धोका उरत नाही. शस्त्रक्रियेनंतरही नर काही आठवडे प्रजननक्षम राहतो; तोवर जोडी विभक्त ठेवावी. नंतर दोघांनाही अपरिचित अशा जागेत, देखरेखीखाली, थोडा थोडा वेळ एकत्र आणावे.