वर्गणी भरून गिऱ्हाईक : अमेरिकेतल्या दुकानांचे 'मेंबर'

सभासद म्हटले की आपल्यापुढे शेअरचा दाखला येतो, वार्षिक सर्वसाधारण सभा येते, आणि खरे बोलायचे तर सवलतीची साखरही येते. आपल्यापैकी कित्येकांची मुले-सुना आज अमेरिकेत नोकरीला आहेत. तीही फोनवर सांगतात, "आम्ही कॉस्टकोचे मेंबर आहोत, प्राइमचे मेंबर आहोत." या मेंबरांकडे त्या नात्याने शेअर नसतो, की मत नसते. दुकानात शिरायला मिळावे किंवा माल घरपोच यावा, म्हणून दरसाल वर्गणी भरणारी ही गिऱ्हाइके. वर्गणी भरायची आणि वर खरेदीचे पैसे वेगळे मोजायचे! ऐकायला उफराटे वाटते, पण त्यामागचा हिशेब पाहण्याजोगा आहे. पोरांकडे चार-सहा महिने राहायला जाणाऱ्यांना तो उपयोगीही पडेल.

ही पद्धत रुळवली सोल प्राइस या व्यापाऱ्याने. 1976 साली कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे, विमाने ठेवण्याच्या एका जुन्या शेडमध्ये त्याने 'प्राइस क्लब' उघडला. वर्गणी 25 डॉलर, आणि सुरुवातीला प्रवेश फक्त छोट्या व्यापाऱ्यांना. 1983 साली त्याच धर्तीवर सिॲटल येथे कॉस्टको निघाले, आणि त्याच वर्षी वॉलमार्टवाल्यांनी सॅम्स क्लब काढला. पुढे 1993 साली प्राइस क्लब आणि कॉस्टको एक झाले.

कॉस्टकोचे गणित नीट समजून घ्यावे, कारण बाकीच्यांची मेख त्यातच आहे. साधारण किराणा दुकानदार मालावरच्या नफ्यावर जगतो. कॉस्टकोने ठरवून टाकले आहे, की खरेदीच्या किमतीवर 14-15 टक्क्यांहून जास्त चढवायचे नाही. जिनसाही मोजक्या, चारेक हजार. त्यामुळे प्रत्येक वस्तूची खरेदी प्रचंड आणि भाव पाडून मिळतो. मग कमाई कुठली? तर वर्गणीची. 2024 च्या आर्थिक वर्षात वर्गणीपोटी 483 कोटी डॉलर जमले, आणि त्या वर्षाचा निव्वळ नफा होता 737 कोटी डॉलर. वर्गणी जमा करायला खर्च तो कितीसा? म्हणजे दुकान माल विकते जवळजवळ पडत्या नफ्यात, आणि खाते वर्गणीवर! म्हणूनच मेंबर टिकवणे हा त्यांचा खरा धंदा.

सप्टेंबर 2024 पासून साधी वर्गणी 60 ची 65 डॉलर झाली आणि वरच्या दर्जाची 120 ची 130. वरच्या दर्जाला खरेदीवर 2 टक्के परत मिळतात. जास्तीचे 65 डॉलर वसूल व्हायला वर्षाला 3,250 डॉलरची, म्हणजे महिन्याला सुमारे 270 डॉलरची खरेदी हवी. चार माणसांच्या घराला ते जमते. एकट्या विद्यार्थ्याला कशाला हवी ती उठाठेव? नाही परवडले तर वर्गणी पूर्ण परत करू, अशी दुकानाची हमी आहे, हे मात्र मानले पाहिजे. पाहुणा म्हणून गेलात तर मेंबराबरोबर आत जाता येते, पण पैसे मेंबरानेच द्यायचे.

ॲमेझॉनच्या प्राइमची तऱ्हा निराळी. ते फेब्रुवारी 2005 मध्ये 79 डॉलरला सुरू झाले; 2014 साली 99, 2018 साली 119 आणि 2022 साली 139 डॉलर. इथे दार सर्वांना उघडे असते, वर्गणी लागते ती लवकर माल मिळण्यासाठी. सिनेमे, गाणी वगैरे वरचा मसाला. एकदा 139 डॉलर भरले, की माणसाला वाटते, पैसे गेलेच आहेत, तर आता इथूनच घेऊ. शेजारच्या दुकानाकडे पाय वळत नाही. आगाऊ वर्गणीचा खरा उपयोग दुकानाला होतो तो इथे.

त्याला शह म्हणून वॉलमार्टने सप्टेंबर 2020 मध्ये 'वॉलमार्ट प्लस' काढले, वर्षाला 98 डॉलर. वॉलमार्टची दुकाने गावोगाव, त्यामुळे भाजी-दूध दुकानातूनच त्याच दिवशी घरी येते. मात्र खरेदी 35 डॉलरच्या पुढची हवी. पेट्रोलवर गॅलनला 10 सेंटपर्यंत सूट आहे. गॅलन म्हणजे पावणेचार लिटर. नुसत्या पेट्रोलवर 98 डॉलर वसूल करायचे तर 980 गॅलन, म्हणजे सुमारे 3,700 लिटर जाळावे लागेल! तेव्हा पेट्रोलच्या नादाने कुणी भरू नये. दर आठवड्याला घरपोच किराणा मागवणाऱ्याला, गाडी न चालवणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ती कामाची. सरकारी मदत घेणाऱ्या गरीब कुटुंबांना हीच वर्गणी निम्म्याने पडते. टार्गेटनेही 2024 साली 99 डॉलरची अशीच योजना आणली. तिच्यात फार वेगळे काही नाही.

प्राइम आणि वॉलमार्ट प्लस, दोन्हीकडे एक गोष्ट सारखी: मुदत संपली की वर्गणी आपोआप खात्यातून वजा होते. 2023 साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ॲमेझॉनवर दावा लावला. लोकांना न कळत मेंबर केले आणि बाहेर पडण्याची वाट मुद्दाम अवघड ठेवली, असा आरोप होता. त्या वाटेला कंपनीत आतल्या आत 'इलियड' म्हणत. ग्रीकांच्या लांबलचक युद्धाचे ते काव्य, आपण महाभारत म्हणू. सप्टेंबर 2025 मध्ये 250 कोटी डॉलरवर तडजोड झाली. त्यातले 150 कोटी गिऱ्हाइकांना परत करायचे ठरले.

आपल्यासारखा सभासदही तिकडे आहे बरं का. 1938 साली सिॲटलच्या 23 गिर्यारोहकांनी ऑस्ट्रियाहून बर्फाच्या कुऱ्हाडी स्वस्तात आणण्यासाठी आर.ई.आय. ही ग्राहक सहकारी संस्था काढली. एकदाच 30 डॉलर भरायचे, ते जन्मभरासाठी. पात्र खरेदीवर साधारण 10 टक्के दरसाल सभासदाच्या नावे जमा होतात. संचालक मंडळासाठी सभासद मत देतात. 2025 साली मंडळाने आपले उमेदवार पुढे केले, तेव्हा सभासदांनी मते देऊन ते नाकारले.