बाजारस्वातंत्र्य आणि संरक्षण : वर्ध्याचा कापूस, कॅनडाचा गहू

प्रास्ताविक

पिकवलेला माल कोणाला आणि कधी विकायचा हे कोणी ठरवावे, हा प्रश्न वर्धा जिल्ह्यातील वाचकांना नवा नाही. हिंगणघाट, आर्वी किंवा पुलगावच्या बाजारात कापसाची गाडी नेणाऱ्याला तो दर हंगामात पडतो. या प्रश्नाच्या आधारे आपण मुक्त बाजाराचा विचार आणि परंपरावादी विचार समजून घेणार आहोत. हे दोन्ही विचार पुष्कळदा एकाच दमात उच्चारले जातात; परंतु ते एक नव्हेत.

कापसाचा एकाधिकार

महाराष्ट्र शासनाने 1971 मध्ये कायदा करून 1972 पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. राज्यातील कापूस केवळ शासनाच्या यंत्रणेने विकत घ्यावा, त्याची रुई व सरकी करून विकावी आणि नफा झाल्यास तो उत्पादकाला द्यावा, अशी ही रचना होती. खेडा खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्याच्या मापापासून आणि मनमानी भावापासून शेतकऱ्याची सुटका करणे, हा तिचा हेतू होता. तो हेतू लहान नव्हता.

अडचण सीमेवर उभी राहिली. शेजारच्या राज्यांत भाव अधिक असला की येथील कापूस चोरवाटेने बाहेर जाई. भाव कमी असला की बाहेरचा कापूस येथील केंद्रांवर येई. दुसऱ्या प्रसंगी तोटा शासनाला होई. पहिल्या प्रसंगी कायदा पाळणारा शेतकरी नुकसान सोसत असे. चुकारे रखडल्याच्या तक्रारीही सतत होत राहिल्या.

शरद जोशी यांची मांडणी

शेतकरी संघटनेचे संस्थापक शरद जोशी (1935–2015) यांनी या प्रश्नाला तात्त्विक रूप दिले. शासन शेतकऱ्याला मदत करते हा समज त्यांनी उलटा केला. निर्यातबंदी, वाहतुकीवरील निर्बंध आणि सक्तीची खरेदी यांमुळे शेतमालाचे भाव पाडले जातात. म्हणजे अनुदान शेतकऱ्याला मिळत नसून त्याच्याकडूनच वसूल होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. बाजार व तंत्रज्ञान निवडण्याचे स्वातंत्र्य ही त्यांची मागणी त्यातूनच आली.

कॅनडातील समांतर उदाहरण

असाच वाद कॅनडाच्या पश्चिमेकडील गहू पिकवणाऱ्या प्रांतांत झाला. तेथे 1935 मध्ये गहू मंडळ स्थापन झाले आणि 1943 पासून गव्हाच्या विक्रीचा एकाधिकार त्याच्याकडे आला. शेतकऱ्याला आधी पहिला हप्ता मिळे आणि हंगामाच्या हिशेबानंतर उरलेली रक्कम मिळे. परवान्याविना धान्य अमेरिकेत नेल्याबद्दल झालेला दंड भरण्यास नकार देऊन अल्बर्टातील 13 शेतकरी 2002 मध्ये तुरुंगात गेले. ‘माझे धान्य मी विकणे हा गुन्हा कसा?’ हा त्यांचा प्रश्न होता. दुसरीकडे, मंडळाने 2011 मध्ये घेतलेल्या मतचाचणीत मतदान करणाऱ्या गहू उत्पादकांपैकी 62 टक्क्यांनी एकाधिकाराच्या बाजूने कौल दिला. एकत्र विकण्यातच आपले बळ आहे, असे त्यांना वाटत होते. तरीही स्टीफन हार्पर यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारने कायदा करून 1 ऑगस्ट 2012 पासून एकाधिकार संपवला.

येथे एक विसंगती ध्यानात घ्या. त्याच पक्षाने दूध, अंडी व कोंबड्या यांवरील उत्पादन-मर्यादा आणि आयातशुल्काची तटबंदी मात्र कायम ठेवली. मुक्त बाजारवादी निवडीचे स्वातंत्र्य प्रथम मानतो; परंपरावादी स्थिरावलेली व्यवस्था आणि तीवर उभी असलेली कुटुंबे जपू पाहतो. एका पक्षात दोन्ही प्रवृत्ती नांदू शकतात.

मर्यादा

महाराष्ट्रातही 2002 च्या सुमारास खासगी खरेदीला मुभा मिळाली. पण त्यामुळे कोरडवाहू शेतीचे संकट टळले नाही. 2006 मध्ये पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली. त्यांत वर्धा होता. टीकाकार म्हणतात, ज्याच्याकडे साठवणुकीची जागा नाही आणि सावकाराचे देणे आहे, त्याचे विक्रीचे स्वातंत्र्य कागदावर राहते. समर्थक उत्तर देतात की निर्यात व तंत्रज्ञानावरील बंधने कायम असताना त्याला मुक्त बाजार म्हणणेच चूक आहे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे.

सारांश

एखादे धोरण तपासताना त्याच्या नावावर जाऊ नका. निवड कोणाच्या हाती आहे आणि भाव पडल्यास जोखीम कोण सोसतो, हे दोन प्रश्न विचारा. निवड एकाची आणि जोखीम दुसऱ्याची असेल, तर ती व्यवस्था सरकारी असो वा खासगी, तिच्यात अन्याय दडलेला असतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न

1. एकाधिकार खरेदी योजनेचा हेतू आणि तिची मुख्य अडचण स्पष्ट करा.
2. आपल्या गावातील एखाद्या कापूस उत्पादकाशी बोलून, त्याला हमी हवी की मुभा, आणि का, हे दहा ओळींत लिहा.