मोतीबिंदू ‘पिकायची’ वाट बघू नका

बेळगाव : ‘अजून पिकला नाही म्हणे. पिकू दे की, मग बघूया.’ मोतीबिंदूचा विषय निघाला की बेळगाव, खानापूर, चंदगड भागातल्या बहुतेक घरांत हे वाक्य हमखास ऐकायला मिळते. एकेकाळी डॉक्टरच तसे सांगत असत, त्यामुळे सांगणाऱ्याचा दोष नाही. पण आज हाच सल्ला महागात पडतो.

आमच्या गल्लीतल्या एका आजींनी अशीच तीन वर्षे काढली. आधी भातकापणी, मग नातीचे लग्न, मग ‘उन्हाळ्यात डोळ्याला हात लावायला नको’. एका रात्री डोळा लालभडक झाला, कपाळ ठणकायला लागले, उलट्या झाल्या. घरच्यांना वाटले पित्त उसळले. दोन दिवस घरगुती औषध झाले. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले तेव्हा डोळ्यातला दाब वाढून आतल्या नसेला इजा झाली होती. शस्त्रक्रिया झाली, दुखणे थांबले, पण त्या डोळ्याची नजर काही पूर्ण परत आली नाही. दुसऱ्या डोळ्याचे मात्र वेळेवर केले. आज त्याच डोळ्यावर त्या तांदूळ निवडतात.

म्हणून मोतीबिंदू म्हणजे काय, तो कसा ओळखतात आणि शस्त्रक्रियेत काय करतात, हे सगळे एकदा नीट समजून घेतलेले बरे.

मोतीबिंदू म्हणजे नेमके काय?

डोळ्याच्या काळ्या बाहुलीच्या मागे एक पारदर्शक भिंग असते. बाहेरचा प्रकाश त्यातून जाऊन मागच्या पडद्यावर पडतो आणि आपल्याला दिसते. हे भिंग पाणी आणि प्रथिने यांचे बनलेले असते. वय वाढते तशी ही प्रथिने गोळा होतात आणि भिंग गढूळ होत जाते. अंड्याचा पांढरा भाग कच्चा असताना आरपार दिसतो, शिजला की पांढरा होतो, साधारण तसेच. शिजलेले अंडे पुन्हा कच्चे होत नाही, तसे गढूळ झालेले भिंगही पुन्हा स्वच्छ होत नाही. त्यामुळे थेंब, मध, अंजन, गोळ्या यांतल्या कशानेही मोतीबिंदू जात नाही. उलट बाहेरचे काहीबाही डोळ्यात घालून जंतुसंसर्ग होण्याची भीती असते.

वय हे मोठे कारण असले तरी एकटे नाही. शुगर असणाऱ्यांना मोतीबिंदू लवकर होतो. दमा किंवा संधिवातासाठी दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे, बिडी-सिगारेट ओढणारे, उन्हात कायम काम करणारे आणि डोळ्याला मार लागलेले लोक यांनाही धोका जास्त. वैरणीची काडी किंवा दगडाची कपची लागून तरुण माणसालाही मोतीबिंदू होऊ शकतो. काही बाळांना तो जन्मतःच असतो. तान्ह्या बाळाची बाहुली पांढरट दिसली तर एक आठवडाही थांबू नका. त्या वयात दृष्टी घडत असते आणि उशीर झाला तर ती कायमची कमी राहते.

लक्षणे : चष्मा सुटला म्हणून खूश होऊ नका

मोतीबिंदू दुखत नाही, खुपत नाही, म्हणून लक्षात यायला वेळ लागतो. धुक्यातून बघितल्यासारखे दिसते. रात्री समोरच्या गाडीचा उजेड पसरतो आणि रस्ता दिसेनासा होतो. रंग पिवळट, फिके वाटतात. एका डोळ्याने बघतानाही दोन चंद्र दिसतात. चष्म्याचा नंबर सारखा बदलतो.

एक लक्षण तर आनंदाचे वाटते. ‘आमचे आजोबा ऐंशीव्या वर्षी बिनचष्म्याने पेपर वाचतात’ असे आपण कौतुकाने सांगतो. वर्षानुवर्षे वाचायला चष्मा लागणाऱ्या माणसाचा चष्मा अचानक सुटला, तर बऱ्याचदा भिंगाचा मधला भाग घट्ट होऊन जवळचा नंबर तात्पुरता बदललेला असतो. ते मोतीबिंदूचे लक्षण असू शकते.

तपासणीत काय करतात?

आधी सहा मीटरवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला लावतात, प्रत्येक डोळ्याने वेगवेगळा. मग हनुवटी टेकवून स्लिट लॅम्प या यंत्राने डोळा मोठा करून बघतात. त्यात मोतीबिंदू कुठे आणि किती आहे ते कळते. डोळ्यातला दाब मोजतात. शेवटी बाहुली मोठी करणारे थेंब घालून मागचा पडदा आणि नस तपासतात. या थेंबांनी काही तास अंधुक दिसते, म्हणून तपासणीला जाताना स्वतः दुचाकी चालवत जाऊ नका, सोबत कोणीतरी न्या.

दाब आणि पडदा तपासणे फार महत्त्वाचे. कारण वयस्क माणसाला कमी दिसते म्हणजे मोतीबिंदूच, असे आपण धरून चालतो. काचबिंदूत डोळ्यातल्या दाबामुळे नस हळूहळू मरते आणि गेलेली नजर परत येत नाही. शुगरमुळे मागचा पडदाही खराब होतो. मोतीबिंदूने गेलेली नजर शस्त्रक्रियेने येते, या दोन्हींत उशीर भरून निघत नाही. नावे सारखी वाटली तरी मोतीबिंदू आणि काचबिंदू हे वेगळे आजार आहेत.

शस्त्रक्रिया ठरली की डोळ्याची लांबी आणि बुबुळाचा गोलावा मोजून आत बसवायच्या लेन्सचा नंबर काढतात. शुगर आणि बीपी तपासतात. मोतीबिंदू इतका दाट असेल की मागचा पडदा दिसतच नाही, तर सोनोग्राफी करून बघावे लागते.

‘पिकू दे’ हा सल्ला आला कुठून?

पूर्वी गढूळ भिंग अख्खे काढून टाकत आणि त्या जागी काहीच बसवत नसत. मग सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा जन्मभर. टाके, पट्टी, कित्येक दिवस निजून राहणे. एवढे करून थोडीच नजर मिळायची, म्हणून ती पूर्ण जाईपर्यंत थांबणे परवडत होते. शिवाय पिकलेले भिंग काढायलाही सोपे पडे.

१९४९ मध्ये लंडनमधील डॉ. हॅरोल्ड रिडली यांनी डोळ्याच्या आत कृत्रिम लेन्स बसवली. युद्धात फुटलेल्या विमानांच्या काचेचे प्लास्टिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत राहूनही फारसा त्रास देत नाहीत, हे त्यांनी पाहिले होते. १९६७ मध्ये अमेरिकेतील डॉ. चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी भिंग आतच फोडून ओढून घेण्याची फेको पद्धत आणली. तेव्हापासून सगळा हिशेबच उलटा झाला. मऊ मोतीबिंदू सहज फुटतो. पिकून दगडासारखा झालेला फोडायला जास्त ताकद लागते आणि बुबुळाला इजा होण्याचा धोका वाढतो. अति पिकलेले भिंग फुगते किंवा त्यातला द्रव बाहेर झिरपतो आणि डोळ्यातला दाब एकदम चढतो. आमच्या गल्लीतल्या आजींचे हेच झाले.

मग करायची कधी? स्वयंपाक, शेतीकाम, वाचन, गाडी चालवणे, पायऱ्या उतरणे यात अडचण यायला लागली की. अगदी सुरुवातीचा असेल तर चष्म्याचा नंबर बदलून काही काळ काढता येतो. तो निर्णय डॉक्टरांशी बोलून घ्यावा. ‘थंडीतच करायचे’ यालाही आता अर्थ नाही. शस्त्रक्रिया कोणत्याही ऋतूत होते.

शस्त्रक्रिया आणि लेन्स

बहुतेकांना पूर्ण भूल लागत नाही. थेंबांनी किंवा डोळ्याजवळच्या इंजेक्शनने डोळा बधिर करतात. साधारण पंधरा-वीस मिनिटांचे काम आणि बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी. फेकोमध्ये चीर दोन-तीन मिलिमीटरची असते. दुसऱ्या पद्धतीत चीर सहा-सात मिलिमीटरची असते, यंत्र लागत नाही आणि खर्च कमी येतो. शिबिरांत अनेकदा हीच पद्धत वापरतात. ती हलकी म्हणून नाक मुरडू नये. दाट मोतीबिंदूसाठी ती चांगली आहे आणि अनुभवी हातांनी केली तर निकालही उत्तम येतो.

‘लेसरने मोतीबिंदू’ अशी जाहिरात आपण बघतो. फेको म्हणजे लेसर नव्हे. लेसरची मदत घेण्याची वेगळी पद्धत आहे, पण ती बरीच महाग आणि प्रत्येकाला गरजेची नसते.

लेन्सचेही तसेच. साधी एकाच अंतराची लेन्स बसवली तर लांबचे स्वच्छ दिसते, वाचायला चष्मा लागतो. जवळचे आणि लांबचे दोन्ही दाखवणाऱ्या लेन्स महाग असतात. त्यात रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात, आणि पडदा खराब असेल तर त्या उपयोगाच्या नाहीत. भारतातच लेन्स बनू लागल्यावर, विशेषतः मदुराईच्या ऑरोलॅबने १९९२ पासून उत्पादन सुरू केल्यावर, साधी चांगली लेन्स गरिबाच्या आवाक्यात आली. म्हणून महाग तेच चांगले असे समजून कर्ज काढू नका. लेन्सच्या डब्यावर कंपनी, नंबर आणि क्रमांकाचे स्टिकर असते. ते डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्या. पैसे कशाचे दिले याची ती पावती आहे.

घरी आल्यावर

डॉक्टरांनी सांगितलेले थेंब साधारण महिना-दीड महिना नेमाने घाला, तेही हात धुऊन. डोळा चोळू नका. डोक्यावरून आंघोळ, जड उचलणे, गोठ्यातली आणि धुळीतली कामे काही दिवस बंद. नवीन चष्मा साधारण महिन्यानंतर. पहिल्या काही दिवसांत डोळा जास्त दुखला, लाल झाला, घाण येऊ लागली किंवा नजर कमी झाली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच डॉक्टरांकडे जा. जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर तासातासाला नुकसान करतो.

काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा अंधुक दिसू लागले की ‘मोतीबिंदू परत आला’ म्हणतात. तो परत येत नाही. लेन्समागची पातळ पिशवी गढूळ झालेली असते. तिथे मात्र लेसर कामाला येते आणि काही मिनिटांत काम होते.

कुठे जायचे?

अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून सुरू आहे. त्याखाली सरकारी इस्पितळांत आणि शिबिरांत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लेन्ससह मोफत होते. बेळगावचे जिल्हा इस्पितळ, सीमेपलीकडे गडहिंग्लजचे उपजिल्हा रुग्णालय आणि कोल्हापूरचे सीपीआर, इथे चौकशी करता येते. गावातल्या आशा कार्यकर्त्यांना शिबिराची तारीख माहीत असते. खासगी इस्पितळात जाणार असाल तर तुमच्या कर्नाटकच्या किंवा महाराष्ट्राच्या कार्डावर तिथे मोतीबिंदू बसतो का, हे ॲडमिट होण्याआधी आरोग्यमित्राला विचारा. आपल्या भागात रेशन कार्ड एका राज्याचे आणि इस्पितळ दुसऱ्या राज्यातले असे सर्रास होते, म्हणून हा प्रश्न आधीच विचारलेला बरा.

तोवर आज घरीच एक करता येईल. आई-वडिलांना भिंतीवरच्या कॅलेंडरपासून खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसवा. नेहमीचा लांबचा चष्मा असेल तर तो राहू दे. आधी एक डोळा तळहाताने झाकून मोठे आकडे वाचायला सांगा, मग दुसरा. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईट डोळ्याची उणीव झाकतो, म्हणून कित्येकांना एका डोळ्याने जवळपास दिसत नाही हेच ठाऊक नसते. दोन डोळ्यांत फरक सांगितला, तर पुढच्या सुगीपर्यंत थांबू नका. याच आठवड्यात तपासून घ्या.