जमिनींतील विषारी धातु व कोळशाचा उपाय

कारखान्याखालून आलेलें किंवा शहराच्या मैल्याचें पाणी अनेक वर्षें शेतास दिलें, म्हणजे त्याबरोबर कॅडमियम, शिसें यांसारखे जड धातु जमिनींत सांचतात. पीक पुष्कळदां हिरवेंगार दिसतें. दोष दाण्यांत असतो. हे धातु कुजत नाहींत कीं उडून जात नाहींत. जपानांत कामिओका येथील खाणीचें कॅडमियम जिन्झू नदीच्या पाण्यानें भातखाचरांत उतरलें, आणि तो भात खाणाऱ्यांचीं हाडें ठिसूळ झालीं. १९६८ सालीं तेथील सरकारनें हें कारण मान्य केलें. पुढें शेतांची माती बदलण्याचें काम २०१२ पर्यंत चाललें. असा खर्च एकट्या शेतकऱ्यास झेपणारा नव्हे.

म्हणून तूस, काड, पऱ्हाट्या कोंडलेल्या हवेंत जाळून केलेल्या कोळशाकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधितों. यासच हल्लीं बायोचार म्हणतात. चीनमध्यें यीशिंग येथें दूषित खाचरांत गव्हाच्या काडाचा कोळसा हेक्टरीं ४० टन मिसळला, तेव्हां तांदळांतील कॅडमियम २००९ सालीं ४५ टक्के व २०१० सालीं सुमारें ६२ टक्के घटलें. १० टनांनीं मात्र पहिल्या वर्षीं सुमारें १७ टक्केच घट झाली. ४० टन म्हणजे एकरीं सुमारें १६ टन. तेव्हां खर्चाचा हिशेब आधीं करावा.

कोळसा धातु काढून नेत नाहीं, बांधून ठेवितो. त्यांतील राखेनें जमिनीचा आम्लपणा कमी होतो व कॅडमियम पाण्यांत कमी विरघळतें. शिवाय तें कोळशाच्या अंगास चिकटतें. मुळें विरघळलेलेंच शोषितात. यामुळें आम्ल जमिनींत गुण अधिक. चुनखडीच्या काळ्या जमिनींत त्या मानानें कमी.

सावधगिरीहि हवी. जमिनींत सोमल असल्यास आम्लपणा घटल्यानें तो उलट मोकळा होऊं शकतो. दूषित शेतांतील काडाचा कोळसा करूं नये. धातु त्यांतच राहतो. अमोनियम सल्फेटसारख्या खतांनीं आम्लपणा पुन्हां वाढला, तर बांधलेला धातु सुटण्याचा संभव असतो.

तेव्हां प्रथम दूषित पाणी बंद करावें, माती तपासून घ्यावी, मग एका वाफ्यांत प्रयोग करून दाणाहि तपासावा. दाणा निर्दोष ठरेपर्यंत त्या शेतांत फुलझाडें लावणें बरें. कारण आपण पिकविलेला दाणा प्रथम आपल्याच घरीं शिजतो.