रोहितांच्या खाडीत

तानसेच्या काठी अकलोलीला रामेश्वराच्या देवळालगत उष्णोदकाची कुंडे आहेत. तेथे स्नान करून वज्रेश्वरीच्या दर्शनास जाणारा यात्रेकरू बहुधा तिथूनच माघारी वळतो. आणि ज्या भिवंडी तालुक्याची वाट तुडवीत तो आलेला असतो, त्याच तालुक्याच्या दक्षिण सरहद्दीवर उल्हास नदी खारी होऊन समुद्राच्या भेटीस निघालेली आहे, हे त्याच्या ध्यानीमनीही नसते. चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेत देवीला नवस बोलला आणि १७३९ साली वसई सर झाल्यावर देऊळ उभे राहिले, ही कथा पायऱ्या चढता चढता सर्वांच्या कानांवर पडतेच. म्हणून ती सोडून मी आज त्या खाऱ्या पाण्याकडेच वळतो.

ठाण्याजवळ उल्हास दुभंगते. तिचा थोरला फाटा वसईच्या खाडीने पश्चिमेस जातो, तर धाकटा कळव्यावरून दक्षिणेस उतरून ठाण्याच्या खाडीत मिळतो, आणि अशा रीतीने साष्टीचे बेट चहूकडून जलवेष्टित होते. १६५७ साली कल्याण-भिवंडी हस्तगत केल्यावर शिवाजी महाराजांनी याच पाण्यावर आपल्या आरमाराचा पाया घातला. पुढे १८५३ साली आगगाडी ठाण्यापर्यंत आली, पुढच्याच वर्षी तिने खाडी ओलांडून कल्याण गाठले, आणि बंदरांची रया गेली. त्या दिवसापासून या मुलखाने खाडीकडे जी पाठ फिरवली, ती आजतागायत फिरवलेलीच आहे.

परदेशी लोक उष्ण कटिबंधातील वन्य किनारे पाहण्यासाठी शिडाच्या नौका भाड्याने घेऊन महिना महिना समुद्रावर राहतात, असे आपण वाचतो. तसा किनारा अकलोलीहून सकाळी निघून दुपारी घरी परतण्याइतका जवळ आहे. अंबाडी नाक्यावरून भिवंडी आणि ठाणे मागे टाकीत ऐरोलीला पोहोचले, की ठाण्याच्या खाडीकाठी वनखात्याच्या कांदळवन कक्षाचे सागरी जैवविविधता केंद्र लागते. तिथूनच प्रवाशांच्या होड्या सुटतात. आम्ही काही स्नेह्यांनी मिळून एक पुरी होडी ठरवली होती, आणि तिचे सुकाणू ज्यांच्या हाती होते, त्या साठी उलटलेल्या तांडेलांपाशीच या लेखाचा बराचसा भाग थांबणार आहे. कारण खाडी म्हणून जे काही मला त्या दिवशी दिसले, ते त्यांच्या डोळ्यांनी दिसले.

होडीत पाय ठेवण्यापूर्वीच त्यांनी मला त्या दिवसाची तिथी विचारली. फाल्गुन वद्य द्वादशी होती. ते ऐकून त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, की नऊच्या सुमारास भरती पुरी होईल. खाडीत इतके आत पाणी चढायला थोडा उशीर लागतो, तेवढा धरून चालावे. तिथीची पाऊणपट करावी, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती, हा कोकणपट्टीचा जुना हिशेब आहे: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते आणि पाणी बांधापर्यंत चढते. अष्टमीच्या मागेपुढे भांग असतो, तेव्हा पाणी ना फार चढत ना फार उतरत. घड्याळ आणि छापील कोष्टके आज प्रत्येकाच्या खिशात आहेत, तरीही त्या वृद्ध नाविकाला आपला दिवस चंद्राच्या कलेवरून मांडताना पाहून मला जी धन्यता वाटली, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. त्यांच्या घरी हे गणित कोणी शिकवत नसे. वडिलांबरोबर जाळे टाकायला जाता जाता ते आपोआप अंगी मुरत असे. मुलगा आता कारखान्यात नोकरीला आहे आणि त्याला तिथी विचारावी लागत नाही, एवढेच ते म्हणाले आणि त्यांनी यंत्र सुरू केले.

दोन्ही तीरांवर तिवरांची घनदाट राई आहे. एका वळणावर होडी संथ करून तांडेलांनी एक फांदी हाताने वाकवली आणि पान माझ्यापुढे धरले. पानावर मिठाचे बारीक कण चकाकत होते. मुळांवाटे जे खारे पाणी वर चढते, त्यातील मीठ हे झाड असे पानावाटे बाहेर टाकते. खाली चिखलातून बोटाएवढी श्वसनमुळे वर आलेली होती, कारण त्या गाळात मुळांना पुरेसा प्राणवायू मिळत नाही. त्यांच्यामधून निवट्या टुणटुण उड्या मारीत पळत होत्या. याच राईत कोल्ह्यांचीही वस्ती आहे, आणि भरतीचे पाणी आत शिरले की कोळंबीची आणि बोइटांची पिल्ले याच मुळांच्या आश्रयाने वाढतात.

भरती पुरी होऊन पाणी उतरू लागले आणि चिखलाचे पट्टे उघडे पडू लागले, तसे रोहित पक्षी उतरले. आधी क्षितिजाजवळ एक फिकट गुलाबी रेघ दिसत होती. जवळ जाताच तिच्यात हजारो माना हलू लागल्या. आमच्या तांडेलांनी बऱ्याच अंतरावर यंत्र बंद केले, कारण थवा एकदा बिथरून उठला की त्याच्या चरण्याचा वेळ फुकट जातो, आणि ओहोटी कोणासाठी थांबत नाही. धाकटा रोहित संख्येने अधिक. त्याची चोच गडद किरमिजी. थोरल्याची चोच गुलाबी आणि टोकाला काळी. दोघेही मान उलटी करून चोच चिखलपाण्यात बुडवतात आणि जिभेने पाणी आत-बाहेर खेळवून सूक्ष्म शैवाल व जीव गाळून घेतात. पिसांचा रंगही त्याच अन्नातून येतो. भुरकट, मळकट दिसणारी काही पाखरे थव्यात होती, ती पिल्ले. कच्छच्या रणाकडून हे पक्षी हिवाळ्याच्या आरंभी येतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. आसपास शेकाटे, कुरव आणि सुरय यांचीही गर्दी होती, पण खरे सांगायचे तर त्या दिवशी माझे लक्ष त्यांच्याकडे गेलेच नाही.

२०१५ साली या खाडीचा सुमारे १,६९० हेक्टर भाग रोहित अभयारण्य म्हणून जाहीर झाला, आणि २०२२ साली पाणथळ जागांच्या रामसर यादीत तिचे नाव लागले. तिवरे तोडणे हा नागरिकांच्या जीविताच्या हक्कावरच आघात आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले. हुकूम आणि हद्दी कागदावर चोख आहेत. परंतु ज्या सांडपाण्याने शैवाल माजते आणि रोहितांना अन्न मिळते, तेच पाणी मासळीच्या जिवावर उठले आहे. पूर्वी या खाडीत सापडणाऱ्या जिताड्याची आठवण काढताना तांडेलांचा स्वर जड झाला. परतताना त्यांनी काठावरचा राडारोड्याचा ढीग बोटाने दाखवला. त्याखाली तिवरांची मुळे गाडली गेली होती. आमच्या भिवंडीच्या बाजूलाही गोदामांसाठी खाजणात भराव पडत आहेत, आणि भरतीचे पाणी ज्या वाटेने पिढ्यान्‌पिढ्या आत येत होते, ती वाटच बुजली तर उधाण गावात शिरेल, हे सांगण्यास कोणा तज्ज्ञाची गरज नाही. २०१६ च्या कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई हा जलमार्ग राष्ट्रीय ठरला आहे. त्यावर माल आणि माणसे वाहतील तेव्हा वाहोत. पण आमच्या बाजूच्या काल्हेर-कशेळीच्या काठी एक साधा धक्का बांधून, जाळी विकून बसलेल्या कोळ्यांनाच परवाने देऊन, खाडी दाखवणाऱ्या होड्यांची तजवीज सरकारने आधी करावी, अशी माझी मनापासूनची मागणी आहे.

नोव्हेंबर ते मे हा काळ जाण्यास योग्य. त्यातही माघ आणि फाल्गुन उत्तम. निघण्यापूर्वी पंचांग उघडून तिथीची पाऊणपट करावी, भरती सकाळी पुरी होते तो दिवस निवडावा, आणि वज्रेश्वरीचे दर्शन दुपारनंतर ठेवावे.