मानेचें दुखणें आणि घरचीं माणसें

कसबा पेठेंतील तांबट आळींतून जातांना हातोड्यांचे ठोके कानीं पडले, कीं कारागिरांच्या मानेकडे आमचें लक्ष जातें. भांड्यावर वांकून बसावयाचें, नजर एकाच जागीं ठेवावयाची आणि ठोक्याला ठोका जोडीत दिवस घालवावयाचा! शिंपी, लेखनिक व शिक्षक यांचीही तीच कथा. आम्ही स्वतः पस्तीस वर्षें मुलांच्या वह्यांवर मान लववून बसलों. सायंकाळीं मान जड होणें म्हणजे काय, हें आम्हांस निराळें शिकावें लागलें नाहीं. अशी अवघडलेली मान शेक, विश्रांति व बेताचा व्यायाम यांनीं बहुधा मोकळी होते. परंतु आज ज्या दुखण्याविषयीं लिहावयाचें, तें याहून भिन्न आहे. आणि त्याची ओळख नसल्यामुळें चांगल्या सुशिक्षित घरांतही रोग्यावर अन्याय होत असतो.

या दुखण्यांत मानेचे स्नायू रोग्याच्या इच्छेवांचून आंवळले जातात. डोकें एका अंगास वळतें, खांद्याकडे कलतें, किंवा पुढेंमागें ओढलें जातें. कित्येकांच्या मानेस कंपही असतो. बहुतेकांस वेदना असतात. चाळिशी ते साठी या वयांत हें बहुधा सुरू होतें व पुरुषांपेक्षां स्त्रियांत अधिक आढळतें. झोंपेंत तें शमतें. श्रम, चिंता आणि चारचौघांची रोखलेली नजर यांनीं बळावतें.

सुश्रुतानें निदानस्थानांत मन्यास्तंभ सांगितला आहे, आणि दिवसा झोंपणें, वेडेंवांकडें बसणें-उभें राहणें, वर टक लावून पाहणें हीं त्याचीं कारणें दिलीं आहेत. अवघडलेल्या मानेस हें वर्णन आजही चांगलें लागू पडतें. परंतु आमच्या विषयांतील दुखण्याचें मूळ मानेंत नाहीं; स्नायूंस हुकूम देणारी जी मेंदूंतील यंत्रणा, तिच्यांत तें आहे. त्यास डिस्टोनिया म्हणतात. हें नांव बर्लिनचे मेंदुरोगतज्ज्ञ हेर्मान ओपनहाइम यांनीं १९११ सालीं दिलें.

आमच्या आळींतील एका वाड्यांत पन्नाशी उलटलेल्या एका काकूंस हें दुखणें जडलें. मान सारखी उजवीकडे वळे. मात्र हनुवटीस एक बोट टेकविलें, कीं क्षणांत सरळ होई. झालें! घरांत निकाल लागला. मोठे दीर आपल्या भावास म्हणत, "अरे, बोट लावल्यानें सरळ होते ना? मग मनावर घेतलें, तर बोटावांचूनही होईल." जाऊबाईंस तर हा स्वयंपाकघरांतून सुटण्याचा मार्ग वाटे. काकूंनीं हळूहळू लग्नकार्यास जाणें सोडलें, पुढें दारांत उभें राहणेंही सोडलें. दोन वर्षांनीं सुनेनें हट्ट धरून त्यांस मेंदुविकारतज्ज्ञांकडे नेलें. डॉक्टरांनीं तें बोट पाहिलें आणि रोगाचें नांव सांगितलें. ज्या खुणेवरून घरानें ढोंग ठरविलें, तीच या रोगाची ओळखीची खूण होती.

बोटाच्या स्पर्शानें मेंदूस निराळी वार्ता पोंचते व चुकलेला हुकूम तेवढ्यापुरता सुधारतो. कोणास गालाला हात लावून, कोणास डोक्याची मागची बाजू भिंतीस टेकवून असाच आराम पडतो. यांत स्नायूंच्या बळाचा किंवा मनोनिग्रहाचा संबंध नाहीं. दीरांस तरी एकट्यांस दोष कां द्यावा? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसचे नामांकित वैद्य एदुआर ब्रिसो यांनींही, इतक्या हलक्या स्पर्शानें मान सरळ होते या आधारावरच, हें दुखणें मानसिक ठरविलें होतें. लंडनच्या डेव्हिड मार्सडेन यांनीं १९७६ सालीं या प्रकारच्या विकारांची एकत्र मांडणी करून ते शारीरिकच आहेत, हें मत पुढें आणलें. मधल्या काळांत किती रोग्यांनीं 'मनाचे दुबळे' हा शिक्का सोसला असेल!

आतां उपचार. रोग समूळ नाहींसा करणारें औषध आज नाहीं, परंतु त्यास आवर घालतां येतो. विषाचेंच औषध व्हावें, असा हा प्रकार आहे. बिघडलेल्या अन्नांत वाढणाऱ्या एका जंतूचें बोट्युलिनम नांवाचें विष अत्यल्प प्रमाणांत आंवळलेल्या स्नायूंत टोंचतात. अमेरिकेंत या दुखण्यासाठीं त्यास २००० सालीं मान्यता मिळाली. गुण कांहीं दिवसांत, फार तर दोनेक आठवड्यांत दिसूं लागतो, सुमारें तीन महिने टिकतो व मग तें पुन्हां घ्यावें लागतें. त्यानंतर घांस गिळण्यास अडचण वाटल्यास तत्काळ डॉक्टरांस कळवावें. पोटांत घेण्याचीं औषधें व तज्ज्ञाच्या देखरेखीखालीं व्यायाम यांचाही उपयोग होतो. ज्यांस यांपैकीं कशानेंच गुण येत नाहीं, अशा निवडक रोग्यांच्या मेंदूंत विजेची तार बसविण्याची शस्त्रक्रियाही करितात.

कांहीं सूचना अवश्य आहेत. केशकर्तनालयांत मान मोडून घेण्याची चाल सर्वथा सोडावी. हिसक्यानें मानेंतील रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याचीं उदाहरणें आहेत. तापाबरोबर मान ताठली, जखमेनंतर जबडा धरूं लागला, पडल्यानंतर मान दुखूं लागली, किंवा हातापायांत बधिरपणा वा अशक्तपणा आला, तर घरगुती उपाय करीत न बसतां लगेच रुग्णालय गांठावें. वांतीवरील कांहीं औषधांनींही तरुणांची मान एकाएकीं वळते. अशा वेळीं घेतलेलें औषध डॉक्टरांस दाखवावें.

घरच्यांनीं करण्यासारखें पुष्कळ आहे. मान ज्या बाजूस सहज वळते, त्या बाजूस बोलणाऱ्यानें बसावें. पंक्तींत पाटाऐवजीं उंच पाठीची खुर्ची द्यावी आणि तिची चर्चा करूं नये. वर्तमानपत्र वा पोथी ठवणीवर ठेवून डोळ्यांच्या उंचीस आणावी. डोक्यावरून घालावयाच्या कपड्यांपेक्षां पुढें बटणें असलेले बरे. रस्ता ओलांडतांना सोबत असावी. दुचाक्यांच्या गर्दींत एका अंगास मान न वळणें जिवावर बेततें. भावी सोयरिकीस अडचण येईल म्हणून दुखणें लपवूं नये. या रोगाबरोबर खिन्नताही पुष्कळदां येते. तिच्यावरही उपचार करावेत. आणि "सरळ बस" हें वाक्य घरांतून हद्दपार करावें. सरळ बसण्याचा प्रयत्न रोगी जागेपणीं प्रत्येक क्षणीं करीतच असतो.

काकूंची मान अद्याप पूर्ण सरळ नाहीं, परंतु वेदना पुष्कळ उतरली आहे व त्या पुन्हां कसबा गणपतीच्या दर्शनास जाऊं लागल्या आहेत. टोंचण्याची तारीख आतां घरच्या दिनदर्शिकेवर संकष्टी-एकादशीच्या ओळींत लिहिलेली असते. औषधाचा जोर ओसरतो त्या शेवटच्या पंधरवड्यांत घरीं कार्य ठरवावयाचें नाहीं, असा नियम आहे. आणि तो नियम मोठ्या दिरांनींच घालून दिला आहे.